डाळ मिल मिळाली, तुरीला पैसा कोण देणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावात दहा बायांनी मिळून चालवलेली डाळ मिल आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी डाळ मिल, तीच. मी गटाची सचिव, हिशेब माझ्याकडे असतो. मशीन आले तेव्हा फीत कापली गेली, फोटो निघाले, भाषणे झाली. त्यानंतरच्या दोन हंगामांत मिल चालली त्यापेक्षा बंदच जास्त राहिली. लोक म्हणतात, बायांना जमलं नाही. हे खरे नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मिल बंद राहते ती ऐन हंगामात आमच्या हातात तूर नसते म्हणून. चारी बाजूंनी तुरीचे शेत आणि मिलमध्ये तूर नाही, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. पण जानेवारीत तूर निघाली की घरोघरी देणी उभी असतात. कृषी केंद्राची उधारी, मजुरी, पोरांची फी. गटातल्या बाईचीसुद्धा तूर खळ्यावरून थेट बाजार समितीत जाते, कारण तिथे काटा झाला की हातात पैसा पडतो. आम्ही तिला काय देणार? महिनाभर थांब म्हणणार?

आणि हे काम नंतर कधीही करता येत नाही. तूर चाळून, प्रतवारी करून रोलरमधून काढायची, मग तेल चोळून मुरवायची, पाणी मारायचे, ताडपत्रीवर पसरून उन्हात वाळवायची, पुन्हा रोलरवर घ्यायची. दाणा दाताखाली कडक वाजला तरच डाळ नीट फुटते, नाहीतर चुरीच जास्त पडते. फेब्रुवारी ते मे, हेच आमचे दिवस. पहिल्या वर्षी आम्ही डिसेंबरात बँकेकडे खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे तूर विकत घ्यायला लागणाऱ्या पैशासाठी, अर्ज दिला. कधी ठराव पुन्हा लिहून आणा, कधी सही जुळत नाही, कधी मार्चअखेर आहे. पैसे खात्यावर आले जूनमध्ये. मृग लागला होता आणि ताडपत्र्या गुंडाळून ठेवल्या होत्या.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. २०२० पासूनच्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रासाठी ३५ टक्के अनुदान आहे, शिवाय बचत गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल, म्हणजे असाच खेळता पैसा, आहे. ही तरतूद ज्याने केली त्याला गटाची अडचण कळलेली आहे. पण हिशेब करून पाहा. दहा जणींचे चार लाख. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये, म्हणजे ५० क्विंटल तूर. मिलला ती दोन आठवडेही पुरत नाही. एका क्विंटलमागे ७० किलोच्या आसपास डाळ निघते. ती विकून पैसा परत आला तरच पुढची तूर घेता येते, आणि दुकानदार महिना-दोन महिने उधार ठेवतो. तोवर मिल उभी.

आमच्या प्रकल्प अहवालात यंत्र होते, शेड होते, वीजजोडणी होती, फलकसुद्धा होता. रोज सकाळी कुलूप उघडून माल मोजून घेणाऱ्या, वही लिहिणाऱ्या, वसुलीला फिरणाऱ्या बाईच्या मजुरीचा रकाना मात्र नव्हता. रोलरवरचा थर झिजला की तो नवा करण्याचा खर्चही नव्हता. सोंगणीच्या दिवसांत बाई शेतावर गेली तर तिला त्या दिवसाची मजुरी मिळते. मिलमध्ये ती फुकट किती दिवस बसेल? आमच्या तिघी याच कारणाने सुटल्या, आणि मी त्यांना दोष देत नाही.

गेल्या वर्षी आम्ही भरडाईवर भर दिला. ज्याची तूर त्याची डाळ, किलोमागे ठरलेला दर. आजूबाजूच्या गावांतून लोक वर्षभराच्या खाण्याची तूर घेऊन आले. पॉलिश न केलेली डाळ शिजायला आणि चवीला वेगळीच लागते, हे ज्याने खाल्ले त्याला सांगावे लागत नाही. भरडाईने वीजबिल निघाले, दार उघडे राहिले. पण सात जणींची मजुरी त्यातून निघत नाही.

विक्रीसाठी आम्हाला प्रदर्शनाला बोलावतात. जातो, चार दिवसांत माल खपतोही. उरलेल्या वर्षाचे काय? गावातच अंगणवाडी आहे, शाळा आहे, पोरांच्या ताटात वरण रोजचे आहे. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावसमाज, बचत गट, महिला मंडळे यांना प्राधान्य द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ ला सांगितले. २०१९ मध्ये आपल्याच राज्यातल्या या आहाराच्या मोठ्या निविदा त्याच न्यायालयाने रद्द केल्या. तरी आमच्या अंगणवाडीच्या दारात बाहेरून येणारी पाकिटेच उतरतात आणि शंभर पावलांवर आमची मिल कुलपात असते. डाळ तपासून घ्या, खराब निघाली तर परत करा, पण गावाच्या गरजेपुरती तरी आमच्याकडून घ्या आणि पैसे महिन्याच्या आत द्या. एवढे एक खात्रीचे गिऱ्हाईक असले तर बँकेलाही आम्हाला कर्ज देताना विचार करावा लागणार नाही.

नवीन मिल वाटण्याआधी जुन्या का बंद आहेत, हे त्या त्या गावात बसून विचारले जावे. आणि भांडवल द्यायचे असेल तर ते तूर खळ्यावर येण्याआधी द्यावे. आमच्या गटाची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला मिलमध्येच असते. बँकेचे आणि कार्यालयाचे साहेब येणार असतील तर त्यांनी डिसेंबरच्या बैठकीला यावे. वह्या आम्ही समोर ठेवू.

आपली,
एका महिला बचत गटाची सचिव,
ता. रिसोड, जि. वाशीम