नावापेक्षा प्रश्नाला मान देणाऱ्या नारळीकर सरांना

आदरणीय नारळीकर सर,

सप्रेम नमस्कार.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. तुमची-माझी ओळख नव्हती. श्रोत्यांत बसून तुमचं व्याख्यान ऐकलं, तेवढाच काय तो संबंध. २० मे २०२५ ला तुम्ही गेलात. त्यानंतर तुमच्या विश्वरचनाशास्त्रातल्या संशोधनावर, पद्मविभूषणावर, पुण्यातल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या उभारणीवर भरभरून लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण रोज फळ्यासमोर उभं राहणाऱ्या आम्हा शिक्षकांच्या पदरात तुम्ही जे टाकलंत, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत असं मला सारखं वाटत राहिलं.

मुलं सहीसाठी वह्या पुढे करायची, तेव्हा तुम्ही त्यांना सांगायचात की पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेलच. शिक्षिका म्हणून मला ही युक्ती फार मोलाची वाटते. सही मिळवायला गर्दीत पुढे घुसलं की झालं. प्रश्न लिहायचा तर घरी जाऊन बसावं लागतं, आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते शोधावं लागतं. आणि समोरून उत्तर येणार, म्हणजे आपला प्रश्न कुणीतरी मोठ्या माणसाने वेळ काढून वाचला. आठवीतल्या मुलासाठी ही केवढी गोष्ट आहे!

नावाला बाजूला ठेवायची तुमची ही सवय जुनीच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला तुम्ही कथा पाठवलीत ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी फिरवलेली. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा तुमच्या पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात गेली. केंब्रिजहून परतलेला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला नामवंत शास्त्रज्ञ. नुसत्या नावावर कौतुक झालं असतं. तुम्हाला कथेची परीक्षा हवी होती. तिला पहिलं बक्षीस मिळालं.

हीच रीत तुम्ही फलज्योतिषाला लावलीत, आणि माझं सगळ्यात मोठं ऋण तिथलं आहे. २००८ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना आणि संख्याशास्त्राच्या जाणकारांना सोबत घेऊन तुम्ही चाचणी आखलीत. शंभर हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या शंभर मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका द्यायच्या आणि कोणती कुठल्या गटातली ते त्यांनी सांगायचं. एकावन्न जण पुढे आले, उत्तरं सत्तावीस जणांनी पाठवली. सर्वांत चांगला निकाल चाळीसपैकी चोवीस. सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली. कुणाची टिंगल नाही, आवाज चढवणं नाही. तुम्ही दावा करता ना, मग तपासून पाहू, एवढंच.

हा प्रयोग मी नववीच्या वर्गात दरवर्षी घेते. आधी फक्त आकडे सांगते. चोवीस ऐकल्यावर काही मुलांचे डोळे चमकतातच: म्हणजे त्या एका ज्योतिषाला येतंय की! मी काही बोलत नाही. प्रत्येकाने एक नाणं घ्यायचं आणि चाळीस वेळा उडवायचं. छापा किती वेळा आला, ते फळ्यावर लिहायचं. बहुतेकांचे आकडे विसाच्या आसपास घोटाळतात, पण चोवीस किंवा त्याहून जास्त छापे मिळालेलीही चार-पाच मुलं पटावर निघतात. गणिताने पाहिलं तरी साधारण आठांतल्या एकाला तेवढे मिळावेत. नाण्याला भविष्य कळत नाही, हे मग मला सांगावं लागत नाही. संभाव्यतेचा धडा पुस्तकात चार पानांचा आहे. मुलांच्या डोक्यात तो शिरतो या तासाला.

एका मुलीने मागे विचारलं होतं, “बाई, चाळीस कमी पडल्या असतील. जास्त पत्रिका दिल्या असत्या तर?” किती नेमका प्रश्न! आणि त्याचंही उत्तर तुम्ही ठेवून गेला होता. एका ज्योतिष संस्थेला तुम्ही सगळ्या दोनशे पत्रिका दिल्या होत्या. त्यांची बरोबर आली एकशे दोन. तो आकडा सांगितल्यावर ती थोडा वेळ वहीत काहीतरी मांडत बसली आणि मग म्हणाली, “हे तर अजूनच निम्म्याजवळ गेलं.” सर, ही तिची ओळ तुमच्यापर्यंत पोचायला हवी होती.

दुसऱ्या शनिवारची शाळकरी मुलांसाठीची व्याख्यानं, उन्हाळ्यात आठवडाभर एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम करायची संधी, २००४ साली आयुकाच्या आवारात उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका, जिथे साध्या वस्तूंतून विज्ञानखेळणी बनवणारे अरविंद गुप्ता सेफ्टी पिना, चुंबक आणि सेल घेऊन मोटर फिरवून दाखवायचे. यातलं काहीही केलं नसतं तरी तुमच्या संशोधनाच्या कीर्तीत उणं पडलं नसतं. संस्था नवी, काम डोंगराएवढं, त्यात विश्वाची सुरुवात एका महास्फोटातून झाली असं मानणाऱ्या सिद्धांताच्या विरोधात बहुसंख्यांशी चाललेला तुमचा वाद. त्यातून तुम्ही शनिवार मुलांना दिलेत आणि संध्याकाळी पोस्टकार्डांना.

मंगलाताईंचेही आभार. गणित रंजक करून सांगणारं त्यांचं लेखन माझ्या टेबलावर कायम असतं, आणि तुम्हा दोघांच्या घरात मुलांच्या शिक्षणाचा विचार किती होत असेल ते त्यातून कळतं.

यंदा वर्गात मी एक पेटी ठेवली आहे. मुलं त्यात प्रश्न टाकतात, खाली नाव लिहायचं नाही हा नियम. ज्याचं उत्तर मला येत नाही, तो प्रश्न महाविद्यालयात, संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या कुणाला तरी पाठवते. उत्तरं येतात, सर. तुमच्यामुळे अनेकांना ते आपलं काम वाटतं.

कृतज्ञतापूर्वक,
एक विज्ञानशिक्षिका