मुक्कामी गाडी बंद होतेय, त्याबद्दल

मुंबई, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवरच सांगणार होते. पण फोनवर बाबा गप्प होतात, आई 'जेवलीस का' विचारते आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून लिहिते. आपल्या गावची मुक्कामी गाडी, रात्री येऊन पहाटे परत जाणारी, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून बंद होतेय. बंद करायचा अधिकार माझा नाही, तो एसटीच्या विभाग नियंत्रकांचा. पण ज्या टिप्पणीवरून ते ठरलं ती टिप्पणी माझी आहे, खाली सही माझी आहे. पारावर कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं.

बाबा, तुम्ही पारावर काय बोलून बसलाय ते मला माहीत आहे. 'लेक मुंबईत त्याच खात्यात आहे, गाडी कशी बंद होते बघतो.' मी आगारात फोन केला नाही, आणि करणारही नाही. उलट फाइलच्या पहिल्या पानावरच लिहून दिलं की हे माझं गाव आहे, आकडे दुसऱ्या अधिकाऱ्याने पुन्हा तपासावेत. त्यांनी तपासले, आणि तेच आले. ते चुकीचे निघावेत असं मला फार वाटत होतं.

आता हिशोब. तुम्ही उसाच्या पावत्या तपासता तसा हाही तपासा. रात्रीच्या फेरीला तालुक्यावरून 21 माणसं धरा. त्यातली 10 अर्ध्या वाटेवर फाट्यालाच उतरतात, 11 गावापर्यंत येतात. गाडी 44 आसनांची, अंतर 24 किलोमीटर, म्हणजे क्षमता 1056 आसन-किलोमीटर. वापरली गेली 11 गुणिले 24 अधिक 10 गुणिले 12, एकूण 384. भारमान, म्हणजे क्षमतेतला वापरलेला वाटा, झालं 36 टक्के. पण ही सरासरी फसवी आहे. फाट्यापर्यंत गाडी जवळजवळ अर्धी भरलेली असते आणि पुढचे 12 किलोमीटर चार बाकांपुढे रिकामी धावते.

आता पैसे. एसटीचं भाडं दर 6 किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. जानेवारी 2025 च्या वाढीनंतर साध्या गाडीचा टप्पा 8.70 वरून 10.05 रुपये झाला. गावापर्यंत चार टप्पे, म्हणजे 40 रुपये. फाट्यापर्यंत दोन, म्हणजे 20. सवलतीचे पैसे सरकार एसटीला भरून देतं असं धरून सगळी तिकिटं पूर्ण मोजली तरी फेरीला 640 रुपये होतात, किलोमीटरला 27 च्या आत. लिटरला 5 किलोमीटर आणि डिझेल 90 रुपये धरलं तर नुसत्या डिझेलचेच 18 जातात. उरलेल्या 9 रुपयांत चालक, वाहक, टायर, दुरुस्ती आणि दोघांचा रात्रवस्तीचा भत्ता. ते बसत नाही, बाबा. कसंही केलं तरी बसत नाही.

तोटा होतो म्हणून गाडी बंद करावी असं माझं मत नाही, हेही ऐका. एसटी तोट्यातच चालवायची असते, तिचं कामच ते आहे. माझा प्रश्न एवढाच की त्याच तोट्यात जास्त लोकांची सोय होईल अशी वेळ कुठली? सकाळची 5.45 ही वेळ परळीच्या रेल्वेसाठी ठरली होती, ते तुम्हीच सांगायचात. निजामाच्या राज्यात 1932 ला 27 गाड्यांवर बससेवा सुरू झाली तीच रेल्वेच्या खात्याने, त्यामुळे बसची वेळ रेल्वेला जोडायची ही रीत आपल्याकडे जुनी. पुढे 1961 ला मराठवाड्याची एसटी महामंडळात गेली, पण काही गाड्यांच्या वेळा तशाच राहिल्या. आज 5.45 ला चढणारं रेल्वेचं माणूस आठवड्यातून एखादं. बाकी सगळ्या कॉलेजच्या पोरी. त्या साडेसहाला तालुक्याला उतरतात आणि आठच्या तासापर्यंत स्टँडवर बसून राहतात.

मुक्कामीचा खरा फायदा एकच होता. गाडी रात्री गावातच असल्यामुळे सकाळी आगारातून रिकामी यावी लागत नव्हती. आता ते 24 रिकामे किलोमीटर रोज पडणार, आणि ते मी टिप्पणीत लपवलेले नाहीत. पण रात्रभर उभ्या गाडीचे ब्रेक, हवा, पाणी कुणी बघत नाही. आगारात असली की निघण्याआधी मेकॅनिक बघतो. सेल्फ लागला नाही तर गावाने धक्का मारायचा, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर ब्रेकडाऊन व्हॅनची वाट बघायची. शिवाय वाहक बाई असेल तर तिने रात्री राहायचं कुठं? समाजमंदिराच्या संडासाचं दार गेल्या पाडव्यापासून निखळलेलं आहे, आईनेच सांगितलं होतं.

नवीन वेळ अशी: सकाळी 7.10 ला गावातून, 8 ला तालुक्याला. संध्याकाळी 5.15 ला तालुक्यावरून निघून सहा-सव्वासहाला गावात. गुरुवारी बाजारामुळे दुपारी 1 ला एक जादा फेरी. म्हणजे रात्री पावणेनऊची गेली आणि पहाटेची गेली. अंधार पडल्यावर तालुक्यात अडकलेल्या माणसाला आता गाडी नाही. हे नुकसान आहे, आणि ते मी मान्य करते.

आई, तुझा दवाखाना मी विसरलेले नाही. तुला वाटलं असेल, पोरीनं आईची पहाटेची गाडी काढून घेतली. अंबाजोगाईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यापुढे अकराची वेळ घेतलीय, तिन्ही तपासण्यांची. 7.10 ला बसायचं, फाट्याला उतरायचं, तिथून साडेआठच्या सुमाराची गाडी मिळते. ती चुकली तर पुढचीही चालेल, घाई करायची नाही. पहाटे चारला उठून थंड पाण्याने डोकं धुणं आता बंद. खरं सांगू, मला तेवढं एक बरंच वाटलं.

गाडीत चढताना शेडच्या पुढच्या टोकाला उभी राहा. तिथे भराव उंच आहे, पायरी वीतभर जवळ येते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मागच्या चाकावरची आणि त्याच्या मागची सीट घ्यायची नाही, खड्ड्यात सगळ्यात जास्त तीच उडते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली घ्यायची. कुणी बसलेलं असेल तर 'उठ रे लेकरा' म्हण, तुला कुणी नाही म्हणत नाही. पिशवीत धपाटे असतातच तुझे, पण बाबांच्या वरच्या खिशात गुळाचा खडा हवाच. इन्सुलिन घेतलं आणि गाडी तासभर उशिरा आली तर साखर उतरते. घाम, थरथर, चिडचिड दिसली की आधी गूळ, मग विचारपूस. ते चिडले तर भांडत बसू नकोस, खडा तोंडात दे.

आणि हो, 65 वर्षांवरची सवलत आणि बायकांची सवलत मिळून पाव तिकीट होत नाही. अर्धंच राहतं. वाहकाशी वाद घालू नकोस, मागच्या वेळचं मला कळलंय.

बाबा, आता तुमचं. 75 च्या पुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून राज्याच्या हद्दीत एसटी फुकट आहे. तुम्ही आधार कार्ड दाखवता आणि 'तिकीट राहू दे' म्हणून हात हलवता. हे बंद. शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यायचं. वाहक नको म्हणाला तरी मागायचं. त्या तिकिटावरच सरकार एसटीला तुमच्या भाड्याचे पैसे देतं. तिकीट निघालं नाही तर एसटीला पैसे नाहीत, आणि मशीनच्या हिशोबात तुम्ही त्या गाडीत बसलेलेच नाही. पारावरच्या दहा म्हाताऱ्यांनी महिनाभर असा हात हलवला तर फेरीतली दहा माणसं कागदावरून गायब होतात. मग माझ्यासारखं कुणी मुंबईत बसून म्हणतं, गाडी रिकामी चालते.

मशीनचे आकडे असेच कुठेकुठे खोटे बोलतात. गर्दीत वाहकाला उशीर झाला की तिकीट पुढच्या टप्प्याचं निघतं आणि आपल्या गावचं माणूस शेजारच्या वाडीत चढलेलं दिसतं. सगळ्यात मोठी गफलत पासांची. बारावीपर्यंतच्या मुली फुकट पासवर येतात, बाकीची पोरं मासिक पासवर. पासवाल्यांचं रोज तिकीट निघत नाही. म्हणून पोरं दारात लोंबकळत असतात आणि कागदावर फेरी रिकामी. आम्ही आगारातली पासांची यादी घेतो आणि कामाच्या दिवसांनी गुणतो, पण शाळेला न जाणाऱ्या पोराचाही पास त्यात मोजला जातो.

आणि ऊसतोड. दसऱ्यानंतर अर्धा तांडा कारखान्यावर जातो, फाल्गुन-चैत्राकडे परत येतो. पौषात मोजलं तर कुठलीही गाडी रिकामीच दिसणार. म्हणून मी दोनदा मोजायला लावलं, एकदा भाद्रपदात आणि एकदा माघात, प्रत्येक वेळी तीन दिवस, त्यातला एक बाजाराचा. लग्नसराई आणि मार्गशीर्ष अमावास्येची येळवस सोडून. फाट्यावर माणूस बसवून पंधरा-पंधरा मिनिटांनी जीपमधली माणसंही मोजली. अकराचा आकडा भाद्रपदातला आहे, चांगल्या दिवसांतला. माघातला तुम्हाला सांगत नाही.

रात्री उशीर झाला आणि जीप पकडावीच लागली तर पिवळ्या पाटीची बघायची, काळ्या अक्षरांची. पांढऱ्या पाटीची जीप खाजगी असते. भाड्याने माणसं नेताना तिला अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मागच्या फळीवर बसायचं नाही, टपाचा तर विषयच नको. त्यापेक्षा तालुक्यात मावशीकडे मुक्काम करा. तिला मी सांगून ठेवलंय, तुमच्या गोळ्यांचा एक आठवड्याचा डबाही तिच्याकडे ठेवलाय. अंथरूण वेगळं आहे, उशी पातळ आहे, सकाळी बिनसाखरेचा चहा मिळेल. लाजायचं नाही.

मला माळ्यावरचा तो पत्र्याचा डबा आठवतोय. रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, बाबांनी स्टँडवरून आणलेला गंजका पंच, आणि वट्यावर ओळीने बसवलेले चुलतभाऊ. 'मागं सरका, मागं सरका.' आई, डबा टाकू नकोस. पंचाला खोबरेल तेल लाव.

आता गावाने काय करायचं ते. मला फोन नको, आमदारांनाही नको. ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावात 'गाडी सुरू ठेवावी' एवढंच लिहू नका, कुठल्या वेळेची आणि कुणासाठी हवी ते लिहा. मुख्याध्यापकांकडून पासवाल्या मुलांची वर्गवार यादी, सही-शिक्क्यासह, सोबत जोडा. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावाने, प्रत विभाग नियंत्रकांना, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. रात्रीची फेरी परत हवी असेल तर आठवड्यातून दोन दिवस मागा, गुरुवार आणि शनिवार. सातही दिवस मागितलेत तर एकही मिळणार नाही, हे मी मुलगी म्हणून सांगतेय.

नव्या वेळेचा आढावा तीन महिन्यांनी आहे. तो मी बघणार नाही, दुसऱ्याकडे दिलाय. पण बाबा, पावसाच्या वहीत मागची पानं कोरी आहेत ना? रोज सकाळी तुम्ही पारावर असताच. तारीख लिहा, गाडी किती वाजता आली ते घड्याळात बघून लिहा, अंदाजाने नाही. किती माणसं चढली, त्यात पासवाली पोरं किती. गाडी आलीच नाही तर तेही लिहा, रकाना कोरा सोडू नका. कोऱ्या रकान्याचा अर्थ पुढे कुणीही काहीही लावतो. तुम्हाला बरं नसेल त्या दिवशी शेजारच्या पोराला बसवा. मी येळवशीला येते, तेव्हा बेरीज आपण दोघं मिळून करू. मग वही ग्रामसेवकाकडे द्या, माझ्याकडे नको.

आई, आंबील थोडी जास्त कर. आणि 7.10 च्या गाडीसाठी पावणेसातला निघालं तरी पुरतं, सहालाच शेडमध्ये जाऊन बसू नका.

तुमची,
ताई