तांबड्या मातीचा ओहोळ

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

मॉरिशसहून परवा बेंगळुरूला सुखरूप पोचले. फोनवर बाबांनी ‘तिकडचा ऊस कसा काय?’ एवढेच विचारले आणि बोलणे तुटले, म्हणून सविस्तर लिहिते.

ऊस आपल्यासारखाच आहे. मात्र शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच ढिगारे दिसतात. १८३४ पासून आपल्या देशातून करारावर नेलेल्या मजुरांनी उन्हातान्हात वेचून ते रचले, असे सांगतात. तो दगड हातात घेतला आणि बाबा, तुम्ही निपाणीच्या रानातून काढून बांधावर टाकता तोच वाटला. भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते हे नुसते वाटणे नव्हे. पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्रोतातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण ओतला गेला, त्याच्यावरून आपली भूमी उत्तरेकडे सरकत गेली आणि मागे राहिलेल्या त्याच स्रोताने फार पुढे, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, समुद्रातून हे बेट वर काढले. आता तो शेजारच्या रीयूनियन बेटाखाली धुमसतो आहे.

आईसाठी मुद्दाम पाहिले ते पोर्ट लुई बंदराजवळचे पक्षी अभयारण्य. ओहोळाचे नाव ‘तेर रूज’, म्हणजे तांबडी माती. खानापूरच्या तुझ्या माहेरासारखी! ओहोळ समुद्राला मिळतो तिथली जेमतेम २६ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने चौसष्ट एकर, जागा २००१ साली रामसर करारात, म्हणजे पाणथळ जागा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, नोंदली गेली. भोवती शहराची दाटी असताना एवढा चिखल कुणी राखून ठेवला, याचेच मला जास्त कौतुक वाटले. आपल्याकडे त्यावर एव्हाना प्लॉट पडले असते. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे टिपायला खाली वाकलेल्या चोचीचे तुतवार धावत सुटतात. थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाहून येणारे हे मुठीएवढे पाहुणे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तिथे राहतात.

चिमूटभर माती आणायची फार इच्छा होती, पण नियमाने आणता येत नाही. दुर्बीण मात्र घेतली आहे. पुढच्या महिन्यात येईन तेव्हा तिघे मिळून गोकाकजवळ धुपदाळच्या बंधाऱ्यावर पक्षी पाहायला जाऊ. आईच्या गुडघ्यांना सोसेल अशी गाडी मी ठरवते.

तुमची,
धाकटी