हेल्मेटखालच्या माणसाबद्दल

सोलापूर,
१३ जानेवारी

प्रिय पिंट्या,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तू ठेवून गेलेली जज ड्रेडच्या इंग्रजी कॉमिकची ती दोन्ही जाडजूड पुस्तकं वाचून झाली. दोनदा झाली. मागल्या रविवारी फोनवर तू म्हणालास, "एकच पोलीस, हेल्मेट कधी काढत नाही, कधी बदलत नाही, तोंड बघायला मिळत नाही, ह्यात काय बे एवढं?" तेव्हा मला धड बोलता आलं नाही. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. लांबेल, पण वाच.

तुला माहीत आहे, माझा जन्म चौकटीच्या कागदावर गेला. चादरीची नक्शी आधी ग्राफवर काढायची, मग तिच्यावरून मागावर नक्शी उमटवणाऱ्या जकार्डची कार्डं पंच करायची. एक भोक इकडचं तिकडं झालं की मोराची मान वाकडी. त्यामुळे कुठलंही चित्र समोर आलं की मी आधी रेघ बघतो, गोष्ट नंतर. ड्रेडचं रूप पहिल्यांदा काढणाऱ्या कार्लोस एझकेराची रेघ बघितली आणि दोन दिवस मी पुढं वाचलंच नाही. माणसाच्या कडेनं सरळ रेघ तो काढतच नाही. जाड, तुटक, ठिपक्या-ठिपक्यांची कड असते, गोधडीच्या धावदोऱ्यासारखी. त्या तुटक कडेनं माणूस मागच्या काळोखातून उचलून पुढं ठेवल्यासारखा दिसतो. स्वस्त कागदावर, काळ्या-पांढऱ्यात, आठवड्याला पाच-सहा पानं छापायची असताना ह्या माणसानं हे केलं.

हा एझकेरा स्पेनमधल्या सारागोसाचा, जन्म १९४७चा. म्हणजे लहानपण आणि तरुणपण सगळं फ्रँकोच्या हुकूमशाहीत गेलं. ड्रेडच्या खांद्यावर जो भलामोठा गरुड बसलाय, तो आभाळातून पडलेला नाही. गणवेशाची भीती काय असते ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. गोष्ट लिहिणारा जॉन वॅग्नर, आणि पहिल्या विचारात ती जवळच्याच काळातल्या न्यूयॉर्कमध्ये घडणार होती. एझकेरानं मागं शहर म्हणून इतक्या अजस्र इमारती काढल्या की संपादक पॅट मिल्सनं ते पान बघून काळच पुढं ढकलला. ड्रेडचं मेगा-सिटी वन, जिथं पोलीस तोच न्यायाधीश, म्हणजे जज, आणि राज्यही त्यांचंच, ते शहर असं जन्माला आलं. चित्रामागं गोष्टीला धावावं लागलं! मला ह्याचा किती आनंद झाला ते तुला सांगून कळणार नाही. आमच्या धंद्यात नक्शी काढणाऱ्याला कोण विचारतं? चादर विकली जाते ती कारखान्याच्या शिक्क्यावर.

बाकी त्याचं दुर्दैव असं की मार्च १९७७मध्ये '२००० एडी' ह्या ब्रिटिश साप्ताहिकाच्या दुसऱ्या अंकात ड्रेड पहिल्यांदा आला, तेव्हा ती गोष्ट काढली माइक मॅकमहोननं. एझकेरा रागावून बाजूला झाला, आणि काही वर्षांनी परतला. पण त्यातूनच ह्या कॉमिकचा स्वभाव ठरला असं मला वाटतं. मॅकमहोनचा ड्रेड म्हणजे बूट आणि गुडघे, जमिनीला जड. ब्रायन बोलंडचा ड्रेड सुईनं कोरल्यासारखा. प्रत्येक बकल, प्रत्येक सुरकुती. जज फिअर नावाचा एक सैतान आपलं तोंड उघडून दाखवतो, ते बघितलं की माणूस भीतीनं मरतो, आणि ड्रेड सरळ त्या तोंडात ठोसा मारतो. ती चौकट बोलंडची आहे, १९८१ची. मी ती भिंग लावून बघितली. ताणा एकच, पण बाणा दर वेळी वेगळ्या हातचा. तरीही कापड एक दिसतं, आणि ते ज्यामुळं दिसतं ते तुझं नावडतं हेल्मेट. हनुवटी आणि ओठ सोडले तर चित्रकाराला चेहरा म्हणून काही मिळतच नाही. सगळं सांगायचं ते ओठांच्या वळणातून, नाहीतर मग आजूबाजूच्या माणसांच्या तोंडांतून. त्याचं तोंड झाकलेलं असल्यामुळं आपण दुसऱ्यांची बघतो. मी दुसऱ्यांदा वाचताना मुद्दाम तेवढंच बघत गेलो.

आता "बदलत नाही" ह्यावर. पिंट्या, तिथं तू चुकतोयस. ह्या कॉमिकमध्ये बाहेर एक वर्ष सरलं की आतही एक वर्ष सरतं. १९७७ साली तिथं २०९९ होतं. तेव्हापासून एकही वर्ष माफ नाही. ड्रेड म्हातारा झालाय, आणि त्यानं केलेलं काहीच पुसलं जात नाही. १९८२चे पहिले सहा महिने चाललेलं ते युद्ध घे. दर आठवड्याला, सगळंच्या सगळं, एकट्या एझकेरानं काढलंय. ऐंशी कोटींचं शहर अर्ध्यावर येतं. शेवटी ड्रेड शत्रूची क्षेपणास्त्रं ताब्यात घेतो आणि त्यांचंच शहर, ईस्ट-मेग वन, बेचिराख करतो. पन्नास कोटी माणसं. समोरून दयेची याचना येते, आणि तो दोन शब्दांत नकार देतो. पोरवयात वाचलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. आणि मग जवळजवळ तीस वर्षांनी, २०११ साली, त्याच जळालेल्या शहरातून वाचलेला एक म्हातारा रोगाचे जंतू घेऊन सूड उगवायला येतो. उरलेल्या चाळीस कोटींतले पस्तीस कोटी जातात. जो वाचक १९८२ साली कॉलेजात होता, तो तोवर पन्नाशीला आलेला. एवढा धीर धरून उधारी वसूल करणारी गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते वेगळंच आहे. काल १२ तारीख. सकाळी नेहमीप्रमाणं चार पुतळ्यांजवळ गेलो होतो. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन. १९३०च्या मे महिन्यात आपल्या गावात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ला ह्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. आजोबांची गोष्ट तू आमच्या ओट्यावर कितीदा ऐकलीस, सोजीर गल्लीत शिरले तसं त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी मागाच्या खड्ड्यात टाकली आणि वर पाय ठेवून विणत राहिले. हार घालून माणसं निघून गेली तरी मी उभाच होतो. डोक्यात तुझ्या दुसऱ्या पुस्तकातली 'अमेरिका' होती.

ती तू वाचलेली नाहीस, हे मला तुझ्या बोलण्यावरनंच कळलं. १९९०ची. लेखन वॅग्नरचंच, रंगवलीय कॉलिन मॅकनीलनं. बाहेरून आलेल्या गरीब घरातली एक मुलगी, तिचं नाव अमेरिका. बापानं आशेनं ठेवलेलं. तिच्यावर जीव असणारा शेजारचा मुलगा सगळं सांगतो. लोकांना मत देण्याचा हक्क मागता मागता ती मुलगी बाँबपर्यंत जाते, आणि तो मुलगाच तिला धरून देतो. ड्रेड त्यात थोडाच वेळ आहे, पण जिथं येतो तिथं थंडी वाजते. त्या शहरात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यामागं न्यायाचा म्हणून एका जजचा पुतळा उभा केलाय, इतका उंच की ती देवी त्याच्यापुढं पोर दिसते. अमेरिका मरते ती त्या देवीपाशी. मॅकनीलनं त्या मुलीचा चेहरा जेवढ्या मायेनं रंगवलाय तेवढा ह्या दोन्ही पुस्तकांत दुसरा कुणाचा नाही.

पुतळ्यांसमोर मला तेच दिसलं. फाशीचा हुकूम लिहिणाऱ्याचा चेहरा कसा होता मला ठाऊक नाही. ह्या चौघांचे मी झोपेतून उठवलं तरी काढून देईन. कुर्बान हुसेनांचं तर वय बघवत नाही.

रात्री बाबांना ती पानं दाखवली. इंग्रजी त्यांना येत नाही. त्यांनी चष्मा वर करून सावकाश पानं उलटली, मुलीच्या चित्रावर बोट ठेवलं, "ही कुणाची पोर?" एवढंच विचारलं, आणि मी सगळी गोष्ट सांगेपर्यंत बोट तिथंच होतं.

पुढं त्या अमेरिकेची मुलगी, बीनी, लहानपणीच जजांच्या शाळेत जाते आणि मोठी होऊन स्वतः जज होते. ज्यांनी आईला मारलं त्यांचाच गणवेश. तिच्या शाळेतल्या दिवसांचा २००६चा भाग तू दिलेल्या पुस्तकांत नाही. उन्हाळ्यात येताना तेवढा घेऊन ये. मॅकनीलनंच काढलेला असेल तर फारच चांगलं.

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा सुरू झालीय. नंदीध्वज आमच्या बोळाच्या तोंडावरून गेले तेव्हा आईनं तुझी आठवण काढली. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवल्यात, तुझा मेव्हणा पुढच्या आठवड्यात निघतोय त्याच्याकडं देतो. पुस्तकं मात्र इतक्यात परत मागू नकोस, बाबा अजून बघतायत.

तुझा,
नागू