‘मोअर ऑर लेस सेम’ म्हणजे नेमकं किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मोअर ऑर लेस सेमच आहे हो!’ हे वाक्य हल्ली दुकानात, शाळेत, कचेरीत उठताबसता कानावर पडतं. आपल्या पुरवणीतल्या लेखांतही ते दिसू लागलं, म्हणून हे पत्र.

आमच्या शेजारच्या शेतकऱ्याचं सातबाऱ्यावरचं नाव ज्ञानोबा, आधार कार्डावर ज्ञानेश्वर. पीकविमा भरताना केंद्रावरच्या मुलाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाला, “मोअर ऑर लेस सेम आहे, काका.” काका निश्चिंत होऊन घरी आले. पुढे नावात तफावत म्हणून अर्ज परत आला. पोराच्या मनात काही खोट नव्हती. पण तो ‘नावात थोडा फरक आहे’ एवढं बोलला असता, तर काकांनी तिथेच विचारलं असतं, कसला फरक? आणि त्याच दिवशी तलाठ्याला गाठलं असतं.

आपल्याकडे अदमासाचे शब्द किती बारकाईने घडलेले आहेत! शंभरेक पोती म्हणजे शंभराच्या मागेपुढे. जवळजवळ शंभर म्हणजे शंभराला थोडी कमीच. शंभरावर म्हणजे जास्त. निदान शंभर म्हणणारा तर त्याखाली उतरायला तयारच नसतो. आडतीवर बसलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ‘एकोणीस-वीसचा फरक’ म्हणताना फरक आहे हे आधी कबूल होतं आणि तो किरकोळ आहे हे मग. माझी आई ‘दिवस कासराभर वर आला की निघा’ म्हणायची. घड्याळ नव्हतं, पण बैलाचा कासरा किती लांब असतो हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

परक्या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूत चाले. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘तकरीबन’ सहज यायचं. ‘अंदाज’ तर मूळचा फारसीच, आज त्याला परका कोण म्हणेल? हे शब्द आले आणि आपल्या शब्दांशेजारी बसले. ‘मोअर ऑर लेस’ मात्र शंभरेक, जवळजवळ, थोडाफार, मिळताजुळता या सगळ्यांना उठवून त्यांच्या जागी एकटंच बसू पाहतंय. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे हे फार लागतं.

विनंती एवढीच, की लेखात ‘मोअर ऑर लेस’ आलं की लेखकाला एक फोन करावा आणि विचारावं, ‘सारखं म्हणजे किती सारखं? आणि वेगळं काय?’ जे उत्तर येईल तेच छापावं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई