नंदे, तो एक शब्द

प्रिय नंदे,

तुझ्या पुस्तकातलं अखेनातेन या इजिप्तच्या फॅरोवरचं प्रकरण येऊन चार महिने झाले, मी पोचसुद्धा दिली नाही. बिब्लोसचा मांडलिक राजा रिब-हद्दा इजिप्तला साठेक पत्रं पाठवून मदतीची वाट बघत बसला होता. तू एकाच पत्रावर थांबलीस, उपकार झाले. गुडघा ठीक, बी.पी. ठीक, म्हणजे सबब नाही. अडले ते दुसऱ्या पानावरच्या 'एकेश्वरवाद' या शब्दाशी. 'झालं हिचं सुरू' म्हणालीस ना?

तू लिहितेस, अखेनातेन गादीवर आला आणि देव एक झाला. इतकं झटपट नाही गं ते. आधी तो अमेनहोतेप चौथाच होता, आणि त्याचा तो एक देव, आतेन, तोही ससाण्याच्या डोक्याचा, जुन्या सूर्यदेव रे-होराख्तीसारखा. मग चेहरा गेला. उरलं सूर्यबिंब आणि टोकाशी हात असलेले किरण. पाचव्या वर्षाच्या सुमारास राजाने नाव बदललं, अमार्नाला नवी राजधानी आखली. तरी आतेनच्या नावाच्या दोन कार्टूशांत, म्हणजे नावाभोवतीच्या लांबट चौकटींत, होराख्ती आणि शू हे जुने देव बसलेलेच होते. त्यांना आणखी काही वर्षांनी बाहेर काढलं. देवाचं नावसुद्धा हप्त्याहप्त्याने सोवळं झालं!

त्याने दुसऱ्या देवांची नावं छिन्नीने खोडली म्हणतेस, तिथे मात्र तुझी बाजू भक्कम. जुना मोठा देव आमून, त्याचं नाव खोडताना सख्ख्या बापाच्या, अमेनहोतेप तिसऱ्याच्या, नावातलं 'आमेन'ही (म्हणजे आमूनच) सोडलं नाही, आणि काही ठिकाणी 'देव' शब्दाचं अनेकवचनसुद्धा खरवडलं. नुसता लाडका देव निवडणारा माणूस व्याकरणावर छिन्नी चालवत नाही. (हे मी कबूल केलं, तारीख टिपून ठेव. आमूनची पुजारीण म्हणाली होतीस मला, अण्णांच्या देखत.)

पण किरणांचे ते हात बघ. अंख, म्हणजे जीवनाचं चिन्ह, धरतात ते राजा-राणीच्या नाकाशी. प्रजा खाली वाकलेली. घरच्या देव्हाऱ्यातल्या शिळेवर राजा, राणी नेफेर्तीती आणि मुली. आय नावाच्या दरबाऱ्याच्या थडग्यातलं आतेनचं मोठं स्तोत्र 'तुझ्यासारखा दुसरा नाही' म्हणतं आणि पुढे सांगतं की तुला ओळखतो तो फक्त तुझा मुलगा, म्हणजे राजा. देव एक, पण दाराशी दरवान बसवलेला. आणि अमार्नातल्याच कामगारवस्तीत बाळंतिणीला सांभाळणाऱ्या बेस आणि तावेरेत या घरगुती देवांचे ताईत सापडतात. बाळंतपणाच्या रात्री सूर्यबिंब कुणाला आठवणार!

म्हणून 'राजापुरता एकेश्वरवाद' असं काहीतरी लिही. 'एकदेवोपासना'ही (बाकीचे देव न नाकारता एकालाच भजणं) चालला असता, पण त्यात ती छिन्नी बसत नाही. बघ, मीच अडकले.

पान सातवरच्या 'प्रचंड शिळा' मात्र काढच. आतेनची देवळं बांधली ती तालातातांनी, आणि तालातात म्हणजे सुमारे ५२ सेंमी लांब, २६ सेंमी रुंद चिरा, एका माणसाने उचलायचा. त्यामुळे देवळं भराभर उभी राहिली आणि तितक्याच भराभर उतरवता आली. नंतरच्या फॅरो होरेमहेबने कर्नाकच्या आमूनच्या देवळातल्या नव्या गोपुरांत भरताड म्हणून तेच चिरे कोंबले. उन्हावाऱ्यापासून ते वाचले आणि आज आपल्याला हजारोंनी मिळाले, ते मोडणाऱ्याच्या कृपेने.

छपराविना देवळांचं लिहिलंस ते छान. तिथे अश्शूरच्या राजाची तक्रार घाल: माझ्या दूतांना उन्हात ताटकळत ठेवून मारता काय? अमार्नात सापडलेल्या परदेशी राजांच्या पत्रांत आहे.

चिन्मयचं ठरलं म्हणे! मुलगी कोण, काय करते, कळव. घराचं काम उरकलं का?

तुझीच,
मालू

ता.क. नंतरच्या राजाच्या नावातला आतेन जाऊन आमून परत आला, तुतनखातेनचा तुतनखामुन झाला, हे तू तळटीपेत टाकलंयस. वर आण ते.