मुंबईला असतात, राहतात गावातच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवा गणपतीच्या गर्दीच्या बातमीत तुमच्या पेपरात 'मुंबईत वास्तव्य करणारे चाकरमानी' असं छापलंय. वास्तव्य हा शब्द आमच्या वाडीत कोणाच्या तोंडून मी तरी ऐकलेला नाही, पण ते जाऊ दे. देवगडपासून सावंतवाडीपर्यंत कोणालाही विचारा मुलगा कुठे असतो, तर उत्तर येणार मुंबईला असतो. 'मुंबईत राहतो' म्हटलं की समोरच्याला वाटतं, फ्लॅटबिट घेतला वाटतं, आता काय हा परत येत नाही. आणि गंमत बघा, प्रत्ययसुद्धा बदलतो, असतो मुंबईला पण राहतो मुंबईत.

मागे भावाला रहिवासी दाखला हवा होता म्हणून आईला घेऊन ऑफिसात गेलो, क्लार्क नवीन, घाटावरून बदली होऊन आलेला. मुलगा कुठे राहतो? आई म्हणाली, "हयच रवता." मग आत्ता कुठाय? "आता मुंबयक असता." त्याने पेन खाली ठेवलं, म्हणाला, आजी, दोनातलं एक काय ते सांगा. आता भाऊ तीस वर्षं तिकडेच आहे, पण माळ्यावर त्याची ट्रंक आहे, खळ्यातला माड त्याच्या नावाने लावलेला, मग आईच्या हिशेबाने तो इथेच राहतो ना! दाखला मिळाला नाही आणि खरं तर मिळायला नकोच होता, पण आई खोटं बोलत नव्हती हो.

२००१ मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती ती २०११ च्या जनगणनेत ८,४९,६५१ वर आली, रत्नागिरीचीही घटली. आईच्या 'रवता'ने मोजली असती तर वाढलीच असती!

तेव्हा पुढच्या वेळी सरळ 'मुंबईला असणारे' छापा. आणि राहणारेच छापायचं तर निदान 'रहाणारे' नको, शासनमान्य लेखननियमांत राहणे असंच आहे, आज्ञार्थात तेवढं 'रहा' चालतं. क्रिकेटवाल्या रहाणेचं सोडा, ते आडनाव आहे.

आपला,
एक वाचक, ता. देवगड

ता.क. आमच्याकडे 'रव' म्हणजे थांब पण होतो. एसटी सुटताना मागून कोणी "रवा, रवा" करत धावला की इथला ड्रायव्हर ब्रेक मारतो, घाटावरचा असेल तर नुसता आरशात बघतो.